धाकट्या बहिणीची केस : इंदूर, पुणे, सांगली की माहेर? कोर्ट कुठलं धरावं?

निंबोणी (सोमवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी (नाव मुद्दाम देत नाही) आईबाबांकडे राहते. तिथल्याच शाळेत शिकवते, पदरात पाच वर्षांचा मुलगा. गेल्या मंगळवारी ती चौथीच्या वर्गावर असताना शिपाई एक खाकी पाकीट घेऊन आला. वर हिंदीतला शिक्का, आत इंदूरच्या फॅमिली कोर्टाचं समन्स आणि नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जाची प्रत. मधल्या सुट्टीपर्यंत तिने ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि पाढे घेतले. मग मला फोन केला.

हकीकत थोडक्यात अशी. लग्न २०१८ ला सांगलीत, वैदिक पद्धतीने. सासर मूळचं इंदूरचं, तीन पिढ्या तिथे असलेलं मराठी कुटुंब. नवरा नोकरीला पुण्यात, म्हणून पाच वर्षं संसार कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये झाला. शेवटी दिराच्या लग्नाला सगळे इंदूरला गेले, तिथे १८ दिवस होते. त्या १८ दिवसांत जे व्हायचं ते झालं आणि ती मुलाला घेऊन थेट माहेरी आली. सामान, गॅस, मुलाचं पाळणाघर सगळं कोथरूडलाच होतं. नंतर नवऱ्याने घरून काम मागून घेतलं, फ्लॅट सोडला आणि तो इंदूरला गेला.

अर्जात लिहिलंय की दोघे 'शेवटचे एकत्र इंदुरात राहिले'. बाबा म्हणतात, हे खोटं आहे, आपण जायचंच नाही. गावातले एक वकील म्हणाले, आपण पुण्यात उलटी केस टाकू. मामा सांगलीचा वकील सुचवतोय. तिला मात्र घटस्फोट हवाय की नको हेच अजून नीट ठरवता येत नाहीये. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. इंदूर इथून सातशे किलोमीटर आहे हो.

काळा_कोट (मंगळवार, सकाळी ७:४०)

मी वकिली करते, पण तुमची वकील नाही. कागद न बघता जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते.

वडिलांना हात जोडून सांगा, 'जायचंच नाही' हा पर्याय नाही. ते कोर्ट आपल्या हद्दीचं नसेल तर तसं त्याच कोर्टाला सांगावं लागतं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूम होईल आणि तो रद्द करायलाही गाठावं लागेल इंदूरच. तिथला एखादा वकील नेमून वकीलपत्र दाखल करा. पहिल्या तारखेला बहिणीने स्वतः जायलाच हवं असं नाही.

आता हद्द. लग्न वैदिक, म्हणजे हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १९. अर्ज कुठे करता येतो? लग्न लागलं तिथे, सामनेवाला राहतो तिथे किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे. अर्जदार बायको असेल तर ती सध्या राहते तिथेही. हे शेवटचं २००३ च्या दुरुस्तीने आलं. ही सवलत फक्त बायकोला आहे. 'मी आता इंदूरला राहतो' एवढ्यावर नवऱ्याला इंदूरला अर्ज करता येत नाही. म्हणून तर त्याला 'शेवटचे एकत्र इंदुरात' हे वाक्य लिहावं लागलं. त्याच्या अर्जाचा सगळा डोलारा त्या १८ दिवसांवर उभा आहे.

आणि ते १८ दिवस तकलादू आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच जीवंती पांडे प्रकरणात सांगितलंय की 'राहणं' म्हणजे घर करून राहणं. गावाकडच्या घरी अधूनमधून पाहुण्यासारखं जाऊन येणं म्हणजे राहणं नव्हे. संसार कोथरूडला होता हे दाखवणारा प्रत्येक कागद गोळा करा. आणि हद्दीची हरकत पहिल्याच म्हणण्यात (लेखी उत्तरात) घ्या. आधी बाकी सगळ्यावर उत्तर देऊन नंतर हद्द आठवली तर कोर्ट विचारतं, इतके दिवस कुठे होतात?

निंबोणी (मंगळवार, सकाळी ९:०५)

खूप खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते गप्प झाले. म्हणजे हरकत घेतली की अर्ज फेटाळला जाईल का?

काळा_कोट (मंगळवार, दुपारी १:३०)

फेटाळत नाहीत, योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत देतात. पण इथे एक मेख आहे. कुठे राहिले हा वस्तुस्थितीचा वाद आहे. तो म्हणणार राहिलो, ती म्हणणार पाहुणे होतो. मग कोर्ट म्हणू शकतं, पुरावा घेऊन ठरवू. तोवर तारखा इंदूरलाच.

म्हणून अशा वेळी बहुतेक जण हरकत नोंदवून ठेवतात आणि बरोबरीने केस बदलीचा अर्ज करतात. मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात केस आणायची तर तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २५. मुंबई उच्च न्यायालय आपल्या हाताखालच्या कोर्टांतच फिरवाफिरव करू शकतं, कलम २४ खाली. (समन्स नांदेडहून आलं असतं तर कलम २४ चा मार्ग होता. आणि साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, त्यामुळे उच्च न्यायालयाच्या कामाला मुंबई गाठायची गरजही उरलेली नाही.) दिल्ली ऐकून दचकू नका. बहिणीने प्रतिज्ञापत्र इथेच नोटरीकडे करायचं, उभा राहतो तो तिकडचा ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल करायचा अधिकार असलेला वकील. पगार तुटपुंजा असेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अटच नाही, १९८७ च्या कायद्याचं कलम १२.

बदलीच्या अर्जात बायकोची सोय हा मोठा मुद्दा धरला जातो, २०२२ च्या ऐश्वर्या निकालातही तेच आहे. लहान मूल, नोकरी, सातशे किलोमीटर, सोबत यायला कुणी नाही, हे सगळं साध्या शब्दांत लिहायचं. रडगाणं नको.

पेन्शनर_पंत (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

काळा_कोट बाईंनी कायदा सांगितला, मी कागद सांगतो. ३१ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची सहा शिरस्तेदार म्हणून. दोन आणे माझे.

२००३ च्या आधीच्या बायका मी पाहिल्यात. नवऱ्याने त्याच्या गावी केस लावलेली. ही पहाटेच्या एस्टीने यायची, कडेवर पोर, पिशवीत डबा. पुकारा व्हायचा अकराला आणि गाडी पोचायची साडेअकराला. धावत यायची तोवर रोजनाम्यात 'सामनेवाली गैरहजर' लिहून झालेलं. पेन माझ्याच हातात असायचं, त्यामुळे विसरता येत नाही.

असो. समन्सवर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) असेल. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका. पुढची तारीख, काय हुकूम झाला, सगळं घरबसल्या दिसतं. कुणाच्या तोंडी निरोपावर विसंबू नका.

कोथरूडसाठी : भाडेकरार, पोलीस पडताळणीची पावती, गॅसचं पुस्तक, पाळणाघराच्या पावत्या, मुलाच्या लसीकरणाचं कार्ड (दवाखान्याचा पत्ता असतो त्यावर). इंदूरच्या त्या प्रवासाची जाण्या-येण्याची तिकिटं मिळाली तर सोन्याहून पिवळं. परतीचं आरक्षण आधीच काढलेलं होतं का? असेल तर तो माणूस तिथे राहायला गेला नव्हता, लग्नाला गेला होता!

माहेरच्या पत्त्यासाठी : शाळेचं नेमणूकपत्र, बँकेचं पासबुक, मुलाचा बोनाफाईड. आधारवर अजून कोथरूडचा पत्ता असेल तर आजच बदलू नका, आधी झेरॉक्स काढून ठेवा, तोही पुरावाच आहे.

निंबोणी (मंगळवार, रात्री १०:४८)

पंत, परतीचं आरक्षण होतं!! तिच्या मेलमध्ये सापडलं. इंदूर ते पुणे, अडीच तिकिटं, त्याच्याच खात्यावरून काढलेली. रद्द केल्याचा मेलही आहे, ती माहेरी निघून आली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

पेन्शनर_पंत (मंगळवार, रात्री १०:५५)

जपून ठेवा. वकिलाला फॉरवर्ड करा, मोबाईलचा फोटो नको.

चिंचेचा_बार (बुधवार, सकाळी ८:१५)

कोर्टकचेऱ्या कशाला? दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून सामोपचाराने घ्यावं. आजकालच्या मुलींना…

*(उर्वरित मजकूर संपादित. धाग्याचा विषय कोर्टाची निवड हा आहे. — संपादक)*

एकटा_जीव (बुधवार, दुपारी १२:४०)

सामोपचार सोडा, पण दुसरी बाजूही कुणी मांडेल का? मी ठाण्यात नोकरी करतो. बायकोने ४९८अ (सासरच्या छळाची तक्रार) नांदेडला नोंदवली, घरगुती हिंसाचाराचा अर्ज मामाच्या तालुक्याला लावला, घटस्फोट संभाजीनगरला. तीन कोर्टं, तीन वकील. तीन वर्षं झाली, देवगिरी एक्स्प्रेसचे टीसी आता मला ओळखतात. एकदा रात्रभर प्रवास करून पोचलो तर साहेब रजेवर. पुढची तारीख घेतली, चहा प्यायलो, परत फिरलो. कायद्याने बायकोला सोय दिली ती घरापासून जवळ म्हणून. नवऱ्याला तीन गावांत फिरवायला दिली का?

काळा_कोट (बुधवार, रात्री ९:१०)

एकटा_जीव, तुमचा राग रास्त आहे. पण तीनही ठिकाणं कायद्यात बसू शकतात, हे आधी मान्य करा. हिंसाचार कायद्याचं कलम २७ म्हणतं, बाई कायमची किंवा तात्पुरती राहते तिथे, नोकरी करते तिथेही अर्ज चालतो. ४९८अ बाबत २०१९ च्या रूपाली देवी निकालाने सांगितलं की सासर सोडून ती जिथे आसऱ्याला गेली तिथेही तक्रार होऊ शकते. (१ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना हेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय.)

पण बसतं म्हणून करावंच असं नाही, आणि हे मी माझ्या पक्षकार बायकांनाही तोंडावर सांगते. हिंसाचार कायद्याच्याच कलम २६ ने घर, पोटगी, संरक्षण हे सगळं चालू असलेल्या घटस्फोटाच्या कोर्टातही मागता येतं. तीन ठिकाणी तीन अर्ज लावणाऱ्या बाईलाही तीन ठिकाणी उलटतपासाला उभं राहावं लागतं. शिवाय २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल आहे, आपल्या नागपूरच्या केसमधून वर गेलेला. एका ठिकाणी पोटगी मागितली असेल तर दुसऱ्या कोर्टाला ते सांगावंच लागतं, तिथे मिळालेली रक्कम इथे धरली जाते, आणि दोघांनीही मालमत्ता व कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. दोन ताटांत जेवता येत नाही.

तुमच्या बाबतीत करण्यासारखं : तिन्ही कोर्टं महाराष्ट्रातली आहेत. घटस्फोट आणि हिंसाचाराचा अर्ज एका गावी आणण्यासाठी उच्च न्यायालयात जा, आणि ते गाव ठाणे मागू नका, तिच्या जवळचं मागा. नवरा स्वतःची सोय मागतो तेव्हा पदरी फारसं पडत नाही. 'तिच्या सोयीचं एकच ठिकाण ठरवा, मी तिथे येतो' म्हणणाऱ्याचं ऐकून घेतात.

एकटा_जीव (बुधवार, रात्री ९:५२)

हे माझ्या वकिलाने कधी सुचवलं नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दूरदर्शी (गुरुवार, सकाळी १०:००)

आता ऑनलाइन सुनावणी असते ना? मग कोर्ट कुठे का असेना!

काळा_कोट (गुरुवार, सकाळी १०:४५)

इतकं सोपं असतं तर हा धागाच निघाला नसता. २०१७ मध्ये मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बदलीऐवजी दूरदृश्य सुनावणी वापरा. ऑक्टोबरात संथिनी प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक मताने ते बदललं. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर आणि दोघांनी मिळून मागितलं तरच द्या, म्हणाले. कारण कौटुंबिक खटला बंद दाराआड चालतो, समुपदेशकासमोर माणूस समोरासमोर बोलतो. मग कोरोना आला आणि उच्च न्यायालयांनी दूरदृश्य सुनावणीचे नियम केले. मधल्या तारखांना आता ते मिळतं, मागावंच. पण उलटतपास आणि समुपदेशन यांना प्रत्यक्ष जावं लागेल असंच धरून चाला.

एडिसनकर (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

धागा थोडा हायजॅक करतो, क्षमस्व. लग्न दादरला, नऊ वर्षं न्यू जर्सीत. दोघेही इथेच, दोघांनाही वेगळं व्हायचंय, भांडण असं नाही. इथलं कोर्ट एक वर्ष वास्तव्य झालं की अर्ज घेतं. एकत्र नांदणं अशक्य, एवढं कारण पुरतं. इथे घेतलेला घटस्फोट भारतात चालतो का? आई म्हणते वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात येऊन करा.

काळा_कोट (गुरुवार, रात्री १०:१५)

तुमच्या आईच्या भीतीला आधार आहे. १९९१ चा नरसिंह राव निकाल वाचा. तिरुपतीला लग्न, नवऱ्याने अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोट आणला आणि दुसरं लग्न केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम मानला नाही. लग्न ज्या कायद्याने झालं त्या कायद्यात नसलेल्या कारणावर, बायकोने ते कोर्ट मान्य केलेलं नसताना आणलेला परदेशी हुकूम इथे चालत नाही. आणि 'पटत नाही, संसार मोडलाय' हे कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. त्या कारणावर फक्त सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली, लग्न मोडू शकतं.

पण त्याच निकालात अपवादही आहे. दोघांनीही स्वखुशीने परदेशी कोर्ट मान्य केलं आणि संमती दिली तर वेगळी गोष्ट. म्हणून तिकडे केलंत तर दोघांचीही हजेरी, दोघांचीही लेखी संमती हुकुमात दिसली पाहिजे. एकाने अर्ज केला आणि दुसऱ्याने नुसतं उत्तर दिलं नाही, असं होऊ देऊ नका. पुढे दोघांपैकी कुणी भारतात दुसरं लग्न करणार असेल किंवा दादरचा फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर वांद्र्याला परस्पर संमतीचा अर्ज करणं मला जास्त पक्कं वाटतं. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर माफ होऊ शकते.

मांडवीकाठ (शुक्रवार, सकाळी ७:२०)

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हिंदू विवाह कायदाच नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्या धर्मांना एकच. लग्नाची नोंद दोन टप्प्यांत, आणि वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक. माझ्या मावसबहिणीने पुण्यातल्या वकिलाकडून कलम १९ चा अर्ज करून घेतला होता. लग्नाची नोंद मडगावची निघाली आणि मग धावपळ. आधी कायदा कुठला ते बघा, कोर्ट नंतर.

काळा_कोट (शुक्रवार, सकाळी ८:०२)

मांडवीकाठ, लाखमोलाचं बोललात. महाराष्ट्रातही हा घोळ होतो. वैदिक लग्न करून महापालिकेत नोंद केली की लोक म्हणतात 'रजिस्टर मॅरेज'. ती नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या नोंदणी कायद्याखालची, लग्न मात्र हिंदू विवाह कायद्याखालचंच. विशेष विवाह कायदा १९५४ वेगळा. त्यात महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तिथे दोन्ही प्रकारचे अर्ज तिकडेच जातात, इतर कोर्टांना ते घेताच येत नाहीत. नाही तिथे पहिल्यासाठी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, दुसऱ्यासाठी जिल्हा न्यायालय. आणि दोघे मिळून 'आम्हाला अमुक कोर्ट चालेल' म्हणाले तरी कायद्याने ज्याला अधिकारच नाही त्या कोर्टाला तो त्यांच्या संमतीने मिळत नाही.

निंबोणी (शुक्रवार, दुपारी ३:१०)

सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतेय. मूळ प्रश्न अजून सुटला नाही. आमच्या बाजूने काही दाखल करायचं तर पुणे, सांगली की इथे? मामा रोज फोन करतोय.

काळा_कोट (शुक्रवार, रात्री ९:३०)

आधी कोर्ट नको, आधी केस ठरवा. तिला घटस्फोट हवाय का हेच ठरलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंत. मग उलटा घटस्फोट टाकायची घाई का? शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २१अ आहे. दोघांनी दोन ठिकाणी घटस्फोटाचे अर्ज केले तर नंतरचा आधीच्या कोर्टात जातो, म्हणजे तुमचा अर्ज उलट इंदूरला. सर्वोच्च न्यायालयाचा बदलीचा अधिकार त्यामुळे थांबत नाही, हे १९८१ मध्येच ठरलंय, पण नसता गुंता कशाला?

पोटगी मात्र आज मागा. त्यासाठी घटस्फोटाचा निर्णय लागत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. बायको राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तुमच्या गावी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मुलाचीही मागा. रजनेश निकालानुसार रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून उशीर केलेला प्रत्येक महिना बुडीत. बायकांना अशा केसेसमध्ये महाराष्ट्रात कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे, कुणी 'फी भरावी लागेल' म्हणालं तर पावती मागा.

आणि सांगली कशासाठी? मामाच्या ओळखीचा वकील आहे म्हणून ना? कार्यालयात अक्षता पडल्या एवढाच तिचा सांगलीशी संबंध. न साक्षीदार तिथे, न मूल. मुख्य केस महाराष्ट्रात आली तर पुणे की गाव, हा खरा प्रश्न. पुण्याला समुपदेशक आहेत, न्यायाधीश दिवसभर हीच कामं करतात, पण बोर्ड (दिवसाच्या केसेसची यादी) भरगच्च. तालुक्याच्या वरिष्ठ स्तर कोर्टात तुमचा अर्ज वाटणीच्या आणि बांधाच्या दाव्यांमध्ये बसलेला असतो, पण शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत पोचता येतं. मी असते तर गाव धरलं असतं. साक्षीदार कोथरूडचे आहेत ही एकच गोष्ट मला अडवते.

सायलीची_आई (शनिवार, सकाळी ११:००)

माझी केस उलटी आहे. नवरा तीन आठवड्यांपूर्वी मुलीला सुट्टीसाठी म्हणून नागपूरला घेऊन गेला आणि परत पाठवत नाहीये. शाळा इथे नाशिकला आहे. तो म्हणतो, मुलगी नागपुरात आहे, केस नागपूरलाच होईल.

काळा_कोट (शनिवार, सकाळी ११:२५)

नाही. पालकत्वाच्या १८९० च्या कायद्याचं कलम ९ बघतं, मूल एरवी कुठे राहतं ते. तीन आठवड्यांत नाशिकचं नागपूर होत नाही. पण तीन महिन्यांत तिकडच्या शाळेत नाव घातलं तर वाद सुरू होतो. सोमवारी वकील गाठा, शाळेचा हजेरीचा दाखला घेऊन.

पेन्शनर_पंत (शनिवार, दुपारी ४:००)

अवांतर : शेजारच्या आजींसाठी विचारलं होतं, उत्तर मिळालं, तेही टाकून ठेवतो. मुलगा परगावी असला तरी आईवडिलांना पोटगीसाठी आता त्याच्या गावी जावं लागत नाही. जुन्या १२६ मध्ये ही सोय नव्हती. नव्या संहितेच्या १४५ ने आईवडील राहतात तो जिल्हाही धरलाय. प्रांतांकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली जाता येतं ते वेगळं. आजी अजून मुलावर अर्ज करायला तयार नाहीत. म्हणतात, त्याची बदनामी होईल.

निंबोणी (पाच महिन्यांनी, रविवार, रात्री ९:१५)

धागा वर काढतेय, कारण व्यनितून बरेच जण विचारत होते.

इंदूरला वकील नेमला, हरकत पहिल्याच म्हणण्यात घेतली, परतीची तिकिटं जोडली. पोटगीचा अर्ज इथे गावी लावला. पहिल्या दोन तारखा नोटीस पोचली नाही यातच गेल्या. बेलिफाने पत्ता अपुरा असा शेरा मारला, पत्त्यात गल्लीचा नंबर राहिला होता. मग रजिस्टर पोस्टाने पाठवली. आता अंतरिम पोटगी सुरू झालीय, फार नाही, पण मुलाची फी निघते.

दिल्लीच्या बदलीच्या अर्जावर आधी नोटीस निघाली आणि इंदूरच्या कामाला स्थगिती मिळाली. मग मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थीत संसार काही जुळला नाही, पण ठिकाणावर एकमत झालं. तिने गावाचा हट्ट सोडला, त्याने इंदूरचा. केस पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आली. गाव का सोडलं विचारलं तर म्हणाली, "इथे कोर्टाच्या पायरीवर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप भेटतात गं." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी पुण्यात पहिली तारीख, शिवाजीनगरला. पहाटे पावणेसहाची एस्टी आहे. मुलाला बरोबर न्यावं का? आणि काय काय न्यायचं?

पेन्शनर_पंत (रविवार, रात्री ९:४०)

मुलाला नेऊ नका. न्यायाधीशांनी किंवा समुपदेशकांनी बोलावलं तरच न्यायचं, आणि त्या दिवशीही गोष्टीचं पुस्तक घेऊन.

पावणेसहाची नको, तिच्या आधीची बघा. घाटात ट्रक बंद पडला की संपलं. बोर्ड आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवा, कितवा नंबर ते कळतं. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे तीन संच वेगळे. डबा, पाण्याची बाटली. पेनं दोन न्या. एक कुणीतरी सही करायला मागून नेतं आणि परत देत नाही.